तीन पायांची मशागत

आमच्या कुत्र्याचा, भुऱ्याचा, डावा पुढचा पाय मोडलेला नव्हता. गोडोलीजवळ टेम्पोचा धक्का लागून तो रस्त्याकडेला फेकला गेला, पण एक्स-रेमध्ये हाड धड निघालं, छातीतही काही सापडलं नाही, म्हणून घरात सगळ्यांनी सुटकेचा निःश्वास टाकला. पाय मात्र लोंबत होता. पंजा उलटा पडायचा आणि चालताना त्याची वरची बाजू जमिनीवर घासत जायची. डॉक्टरांनी चिमट्यानं बोटं जोरात दाबली, तरी भुऱ्यानं मान वळवून पाहिलं नाही. मग त्यांनी मला त्याचे डोळे बघायला सांगितले. डावी बाहुली उजवीपेक्षा बारीक झाली होती. पुढच्या पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंचा जुडगा मणक्यापाशी मुळातून उपटला गेला, की त्याच बाजूच्या डोळ्यात ही खूण दिसते, कारण डोळ्याची बाहुली सांभाळणारा तंतूही तिथूनच निघतो.

दाबला गेलेला किंवा ताणला गेलेला मज्जातंतू हळूहळू सावरतो, म्हणून काही आठवडे वाट पाहिली. मुळातून उपटलेला सावरत नाही. पंजाची कातडी घासून घासून गेली. पट्ट्या बांधल्या, लहान मुलांचे मोजे चढवले, जखम काही भरेना. एका सकाळी उठून पाहिलं तर भुऱ्या स्वतःचीच बोटं चावून रक्तबंबाळ करून बसला होता. संवेदना गेलेल्या पायात मुंग्या आल्यासारखं होत असावं, म्हणून काही कुत्री असं करतात, असं डॉक्टर म्हणाले. तोवर आप्पा, म्हणजे माझे वडील, एकच वाक्य धरून बसले होते, "मुक्या जनावराचा पाय तोडायचा नाही." ती बोटं पाहिल्यावर तेच म्हणाले, "काढून टाक बाई, सोडव त्याला ह्यातनं."

ऑपरेशन शिरवळच्या क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालयात झालं. साताऱ्याहून ते जवळ आणि तिथं भूल देण्यापासून सगळी सोय एका जागी. आधी रक्त तपासलं. आपल्याकडच्या कुत्र्यांमध्ये गोचिडतापाचं प्रमाण मोठं, त्यात प्लेटलेट्स घसरतात आणि अशा मोठ्या ऑपरेशनमध्ये रक्त थांबणं अवघड होऊन बसतं. भुऱ्याच्या प्लेटलेट्स ठीक होत्या. अर्धा पाय ठेवून पुढं कृत्रिम पाय बसवता येईल का, असं मी विचारलं होतं. जिथं संवेदनाच नाही तिथं खुंट ठेवून उपयोग नव्हता, तो ठेचकाळत राहिला असता. पाय खांद्याच्या पात्यासकट काढला. पातं मागं ठेवलं तर त्यावरचं मांस झडून हाडाचं टोक वर येतं आणि ते झोपताना रुततं.

पहिली रात्र वाईट गेली. तो रडत होता, डोळे उघडे पण ओळख नाही अशा नजरेनं बघत होता. त्यातलं बरंचसं भुलीच्या आणि वेदनाशामक औषधांच्या अमलामुळं होतं हे माहीत असूनही माझे हात थरथरत होते. दुसऱ्या दिवशी दुपारी तो स्वतःहून उठला, दोन उड्या मारल्या, भिंतीला टेकला आणि पाण्याच्या भांड्यापर्यंत पोचला. ज्यांच्या घरी हे ऑपरेशन व्हायचं आहे त्यांना मी आवर्जून सांगते की उठण्याची फार चिंता करू नका. बहुतेक कुत्री एक-दोन दिवसांत उठतात. खरं काम त्यानंतर सुरू होतं, आणि ते गेलेल्या पायाचं नसून राहिलेल्या तीन पायांचं असतं.

कुत्र्याच्या अंगाचं साधारण ६० टक्के वजन पुढच्या दोन पायांवर असतं आणि ४० टक्के मागच्या दोन पायांवर. डोकं, मान, छाती सगळं पुढं. म्हणजे पुढचा एक पाय गेला की दोघांनी मिळून वाहायचा भार एकावर येतो. कुत्रं आपल्या परीनं तोड काढतं. उरलेला पाय छातीच्या मधोमध आणतं, मागचे पाय पोटाखाली पुढं सरकवतं, पाठ किंचित कमानीसारखी करतं आणि प्रत्येक उडीला मान वर झटकून पुढचा भाग हलका करतं. हे सगळं भुऱ्याला कुणी शिकवलं नाही. पण त्यामुळं मान आणि पाठ आखडते, मांड्या थकतात आणि सगळ्यात जास्त झीज होते ती त्या एकट्या पुढच्या पायाच्या मनगटाची. डॉक्टरांनी तिथं बोट ठेवून सांगितलं होतं, "ह्याच्यावर लक्ष ठेवा, हे खचलं तर पुढं काही करता येणं अवघड."

टाके निघेपर्यंत, म्हणजे १० ते १४ दिवस, व्यायाम नाहीच. मोकळं व्हायला अंगणात न्यायचं, परत आणायचं, आणि विश्रांती. गळ्यातली प्लास्टिकची कॉलर त्याला फार जड गेली. प्रत्येक उडीला मान खाली आली की तिची कड फरशीवर आपटायची आणि तो तोंडावर पडायचा. डॉक्टरांना विचारून आम्ही आप्पांचं जुनं सुती बनियन त्याला घातलं, मागं गाठ मारली आणि कुणी ना कुणी सतत जवळ बसलो. जखमेच्या खालच्या टोकाला पाण्याचा फुगा धरला होता. हाताला मऊ लागणारा, गरम नसलेला. आत साठलेला तो द्रव सुईनं काढायची घाई केली तर जंतू आत जातात, म्हणून तसाच ठेवला आणि तो आपोआप जिरला. फुगा गरम लागला, लाल झाला किंवा वाहायला लागला तर मात्र त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

औषधांबद्दल एक गोष्ट ठासून सांगते. वेदनाशामक गोळ्या ठरलेल्या वेळी, पोटात अन्न असताना, पूर्ण दिवस द्यायच्या. "आता बरा दिसतोय" म्हणून मधेच थांबवायच्या नाहीत. कुत्री वेदना लपवतात. भुऱ्याला मेलॉक्सिकॅमबरोबर गॅबापेंटिनही होतं, कारण नसलेल्या पायाचीही कळ येते. शांत पडलेला असताना तो एकदम केकाटून उठायचा आणि डाव्या कुशीकडे बघत राहायचा. ते हळूहळू कमी झालं आणि औषधही डॉक्टरांनी एकदम न तोडता टप्प्याटप्प्यानं उतरवलं. आपल्या डब्यातली पॅरासिटॅमॉल, आयबुप्रोफेन किंवा गुडघेदुखीची गोळी कुत्र्याला देऊ नका, अर्धीसुद्धा नको. त्यानं कुत्री दगावतात.

घरातला सगळ्यात मोठा शत्रू निघाली ती गुळगुळीत टाइल्सची फरशी. चार पायांचं कुत्रं एक पाय घसरला तर तिघांवर सावरतं, भुऱ्याकडं ती सोय नव्हती. सतरंज्या टाकल्या तर त्याच घसरायच्या. शेवटी दारापासून त्याच्या गादीपर्यंत, गादीपासून जेवणाच्या जागेपर्यंत आणि तिथून मागच्या दारापर्यंत रबरी पाठ असलेल्या मॅट लागोपाठ अंथरल्या. घर विचित्र दिसायला लागलं, दिसू दे. नखं कापून घेतली, पंजाच्या गाद्यांमधले केस छाटले, कारण नखं वाढली की गादी जमिनीला नीट टेकत नाही आणि पकड जाते. मागच्या अंगणात खडबडीत कोबा आहे, तिथं तो पहिल्या दिवसापासून सरळ चालला.

जेवणाचं भांडं दोन पाटांवर ठेवलं. खाली वाकून खाताना सगळं वजन त्या एका मनगटावर जातं, भांडं छातीच्या उंचीला आलं की मान सरळ राहते आणि पाय थरथरत नाही. पायऱ्यांचंही तसंच. चढणं त्याला जमायचं, उतरताना मात्र अख्खं शरीर एकट्या पायावर आदळायचं. ओसरीच्या तीन पायऱ्यांवर प्लायवूडची फळी टाकली आणि तिच्यावर जाजम ठोकलं. सोफ्यावरून उडी मारणं कायमचं बंद. ह्या बाबतीत मी घरात कुणाचं ऐकलं नाही.

बाजारात मिळणारे पट्टे त्याला बसेनात, डावीकडं पायच नसल्यामुळं पट्टा फिरून बगलेत यायचा आणि व्रणावर घासायचा. पोवई नाक्याजवळ बॅगा दुरुस्त करणारे एक मामा बसतात. मी भुऱ्यालाच त्यांच्यापुढं उभं केलं. त्यांनी सुतळीनं माप घेतलं, शाळेच्या दप्तराचे रुंद पट्टे जोडले, व्रणाच्या बाजूला फोम भरून वरून मऊ कापड शिवलं आणि पाठीवर बॅगेचं हँडल बसवलं. "उचलायला लागलं तर हिथनं धरा, ताई. मानेला वढ नको." एवढा विचारपूर्वक बनवलेला पट्टा मी कुठल्याच दुकानात पाहिला नाही. तो हँडलचा पट्टा पुढं खूप कामी आला. भुऱ्या डगमगला की वरून नुसता हात लावायचा, उचलायचं नाही, पडू द्यायचं नाही.

टाके निघाले, जखम कोरडी झाली, आणि चालणं सुरू झालं. सुरुवातीला पाच-पाच मिनिटांच्या फेऱ्या, दिवसातून तीन-चार वेळा. एकदाच लांब नेण्यापेक्षा थोडं थोडं अनेकदा. आणि हळू. हे आप्पांना पटायला वेळ लागला, कारण भुऱ्या धावायचा तेव्हा छान दिसायचा. गल्लीतली मुलं टाळ्या वाजवायची. पण तीन पायांवर धावणं सोपं असतं, वेगात अंग पुढं फेकलं जातं आणि तोल आपोआप सावरतो. हळू चालताना प्रत्येक पाऊल तोलावं लागतं, तिथं स्नायूंचा कस लागतो. आखूड दोरी धरून, थांबत थांबत, कोपऱ्यावरच्या लिंबापर्यंत जाऊन परत येणं हीच त्याची तालीम होती. दुसऱ्या दिवशी सकाळी तो आखडलेला दिसला, उठायला कां-कूं करायला लागला, तर आदल्या दिवशी जास्त झालं असं समजायचं आणि त्या दिवशी निम्म्यावर यायचं.

घरातले व्यायाम शिरवळच्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं करून दाखवले. त्यासाठी काहीही विकत आणावं लागलं नाही. बसायला सांगायचं, मग उभं राहायला, पुन्हा बस. भिंतीलगत उभं करून, म्हणजे तो एका कुशीवर कलंडत नाही. ह्यानं मांड्या आणि पुठ्ठे भरतात. मग पुढचा पाय पाटावर ठेवून नुसतं उभं राहायचं, त्यात वजन मागच्या पायांवर सरकतं. मग खाऊचा तुकडा नाकासमोर धरून हळूच कुशीकडं न्यायचा, आधी उजवीकडं, मग डावीकडं. डावीकडं मान वळवताना तो पहिल्यांदा कोसळायचा, कारण त्या बाजूला टेकायला काहीच नव्हतं. मी गुडघ्यावर बसून माझी मांडी तिथं लावायची. पुढं पुढं त्यानं मांडीवर भार टाकणं सोडलं आणि पोटाचे स्नायू ताणून स्वतःच तोल धरायला लागला. माझ्या मांडीला त्याची कातडी टेकलेली असायची पण वजन जाणवायचं नाही, त्यावरून मला प्रगती कळायची.

त्याच्या पुढची पायरी म्हणजे कापसाची जुनी गादी चौघडी करून तिच्यावर उभं राहणं. मऊ जागेवर पाय सतत सावरावा लागतो आणि पाठीपासून बोटांपर्यंत सगळं कामाला लागतं. आणि काठ्यांची वाट. खराट्याचे दांडे कोब्यावर एकेका पावलाच्या अंतरानं आडवे ठेवायचे आणि त्याला त्यांवरून हळू न्यायचं. आधी सपाट, मग एक टोक विटेवर. घाई केली की दांडा खडखडायचा, म्हणून तो आपसूक पाय उचलून, बघून टाकायला शिकला. हे सगळं दहा मिनिटांच्या आत आटपायचं. त्याचं लक्ष उडालं, जीभ लांब बाहेर आली किंवा पुढचा पाय कापायला लागला की थांबायचं.

मोठ्या शहरांत आता पाण्यातल्या ट्रेडमिलची सोय झाली आहे. पाणी अंग उचलून धरतं, त्यामुळं सांध्यांवर भार न येता स्नायू काम करतात. साताऱ्यात आम्हाला ती नव्हती. शेततळ्यात पोहायला सोडा असं काहींनी सुचवलं, त्याला मी ठाम नकार दिला. शेततळ्याच्या प्लास्टिकवरून चार पायांच्या जनावरालाही वर येता येत नाही.

व्यायामानंतर मालीश. कोमट पाण्याची पिशवी टॉवेलात गुंडाळून, आधी स्वतःच्या मनगटाला लावून बघून, मानेवर आणि उजव्या खांद्यावर शेकायचं. मग तळहातानं मणक्याच्या दोन्ही बाजूंनी, मणक्यावर नाही, हलक्या हातानं मागं सरकत जायचं. उजव्या खांद्याच्या मागं हरभऱ्याएवढ्या गाठी हाताला लागायच्या. तिथं जास्त दाबलं की भुऱ्या ओठ चाटायचा आणि माझ्या हाताकडं बघायचा, हात तेवढाच हलका करायचा. मालीश करतानाच मनगट रोज तपासून होतं. सूज आहे का, वाकवताना पाय मागं ओढतो का, उभा असताना ते जमिनीकडं जास्त झुकलंय का, पंजाची गादी एका बाजूनं झिजतेय का. एकदा गादीची कातडी सोलवटलेली दिसली तेव्हा डांबरी रस्ता काही काळ बंद करून मातीच्या कडेनं चाललो.

आता वजनाबद्दल, कारण माझ्या मते सगळ्या व्यायामाइतकंच हे महत्त्वाचं आहे. तीन पायांच्या कुत्र्याला बघून माणसं हळवी होतात. शेजारच्या काकू, दूध घालणारे दादा, शाळेतून येणारी पोरं, प्रत्येकाच्या हातात त्याच्यासाठी बिस्कीट. "बिचारा गं" म्हणून कुणी चपातीवर तूप लावून आणायचं. त्या प्रत्येक घासाचं वजन त्या एका मनगटावर जातं, हे मी दारात उभी राहून, हात जोडून, एकेकाला सांगितलं. ऑपरेशननंतर भुऱ्या १७ किलो भरला होता, १८ होऊ द्यायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. फासळ्या दिसू नयेत, पण हात फिरवला की बोटांना लागल्या पाहिजेत, वरून पाहिलं की कंबर दिसली पाहिजे. काट्यावर मी आधी एकटी उभी राहते, मग त्याला उचलून. पूर्वी तो दूध-भाकरीवर होता, आता भाकरी कमी आणि उकडलेली अंडी, बिनमिठाचं चिकन, भोपळा जास्त, कारण स्नायू भरायला प्रथिनं लागतात. काकूंना मी गाजराच्या चकत्या भरून डबा दिला. त्यांना त्याला काहीतरी द्यायचं समाधान मिळतं आणि भुऱ्याला गाजर बिस्किटाइतकंच आवडतं.

आप्पांचा जीवही असाच तुटायचा. तो पडला की ते धावत जाऊन उचलायचे. मग मी त्यांच्याकडंच सकाळचे व्यायाम सोपवले. हातात अंड्याच्या पांढऱ्याचे तुकडे घेऊन ते ओसरीवर खुर्ची टाकून बसतात आणि हुकूम देतात, "ऊठ लेका. बस. परत ऊठ." पडला तर लगेच हात लावायचा नाही, तो स्वतः उठतो का हे बघायचं, हे त्यांना करताना मी पाहते आणि त्यांना ते किती जड जात असेल हे मला कळतं.

एक गोष्ट भुऱ्यानं आमची मदत न घेता शोधली. खांब दिसला की तो पूर्वी डावा मागचा पाय वर करायचा. आता तसं केलं की उजवीकडचे दोनच पाय जमिनीवर राहायचे आणि तो धाडकन डावीकडं पडायचा. बरेच दिवस तो नुसता बसून उरकायचा. मग एका पावसाळी संध्याकाळी तो लिंबाजवळ थांबला, वळून उभा राहिला आणि उजवा मागचा पाय वर केला. पुढचा उजवा आणि मागचा डावा, हे कर्णरेषेतले दोन पाय टेकलेले, अंग स्थिर. शिकाऊ डॉक्टर मुलीनं पाय उचलायचा शेवटचा आणि अवघड व्यायाम म्हणून हीच रचना कागदावर काढून दिली होती, तो आम्ही अजून सुरूही केला नव्हता. मी तिला फोन करून सांगितलं तर ती इतकी खूश झाली की तिनं तिच्या मैत्रिणींना तिथंच ओरडून सांगितलं.

वर्षभरानंतरही व्यायाम चालू आहेत, कमी केले आहेत पण बंद नाहीत. उन्हाळ्यात फेरी उजाडण्याआधी, कारण उड्या मारत चालणारं कुत्रं लवकर तापतं. पावसाळ्यात ओल्या पंजांनी आत येताना दारातच पाय पुसायचे. दिवाळीत फटाक्यांनी घाबरून तो सैरावैरा पळू नये म्हणून आतल्या खोलीत, मॅट टाकून, कुणीतरी सोबत. कुणीही त्याच्याकडं डाव्या बाजूनं अचानक जायचं नाही, त्या बाजूला त्याला पटकन वळता येत नाही आणि गल्लीतल्या कुत्र्यांनाही मी त्या बाजूनं येऊ देत नाही.

कराडच्या माझ्या मावसबहिणीच्या लॅब्राडोरचा मागचा पाय हाडाच्या कॅन्सरमुळं काढायचा ठरला आहे. तिला रोज फोनवर बोलते. मागच्या पायाचं गणित थोडं वेगळं, चढणं अवघड आणि आधाराची झोळी छातीऐवजी पोटाखालून. लॅब्राडोर ३६ किलोचा आहे आणि कॅन्सरमध्ये वजन उतरेपर्यंत थांबता येत नाही, म्हणून ऑपरेशनआधीच पंचा पोटाखाली घालून चालायची त्याला सवय लावायला सांगितलं आहे. मॅट अंथरून झाल्या. नखं तेवढी राहिलीत, तो तिला कापू देत नाही. रविवारी मी जाऊन कापणार आहे.